मुसाफिरखान्यातलं काळं अळू

स्टेशनवर गाडीची वाट बघताना कुल्हडात उरलेला चहाचा गाळ तुम्ही आजवर किती कुंड्यांमध्ये ओतला आहे? 'एकाही नाही' असं म्हणणार असाल तर जरा थांबा. झाशीच्या स्टेशनवर मुळ्येकाकांनी हाच प्रश्न एका हवालदाराला, दोन वकिलांना आणि एका महंताला विचारला होता, आणि चौघंही हातात रिकामं कुल्हड धरून 'एकाही नाही' असंच म्हणाले होते.

मुळ्येकाका स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत बसत. लक्ष्मी गेटपाशी त्यांचं आणि आमचं बिऱ्हाड शेजारी होतं, मध्ये एक भिंत. मूळचे राजापूरकडचे. रेल्वेने त्यांना उचलून या कोरड्या मुलखात आणून टाकलं, तेव्हापासून आधी त्यांची कातडी कोरडी झाली आणि मग बोलणं, असं मुळ्येकाकू म्हणत. आमचे बाबा इंजिनांच्या शेडमध्ये फिटर, आणि युनियनची पत्रकं आमच्याच घरी छापून वाळत पडलेली असत, लोकांकडे पापड पडतात तशी. मी आयुष्यात पहिला शब्द वाचला तो 'साथियो'. काकांना पत्रकं आवडत नसत. बाबांनी हातात दिलं की ते उभ्या उभ्या वाचत, खिशातून लाल पेन्सिल काढत आणि परत देताना म्हणत, "मुद्दा बरोबर आहे. विशेषणं तीन जास्त आहेत."

अंदाज करणं त्यांना खोटं बोलण्यासारखंच वाटे, आणि चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला हा रोग परवडत नाही.

"बाबूजी, पंजाबवाली कब आएगी?"

"सवा चार को आनी थी."

"वो तो बज गए. अब कब आएगी?"

"अब जो बताऊँगा वह अंदाज़ होगा. अंदाज़ आप भी लगा सकते हैं, उसके लिए लाइन में मत लगिए."

लोक चिडत, शिव्या देत, पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहत. पण काका जेव्हा "आ रही है" म्हणत, तेव्हा हमाल उठून डोक्याला मुंडासं बांधायला लागत.

आता झाडाविषयी. एका उन्हाळ्यात मद्रासकडून आलेला कुणी प्रवासी तिसऱ्या वर्गाच्या मुसाफिरखान्यात एक कुंडी ठेवून गेला. जाताना खिडकीशी वाकून "ज़रा देखिएगा" एवढंच म्हणाला. तो परत आला नाही. हरवलेल्या मालाच्या कोठीतल्या बाबूने कुंडी घ्यायला नकार दिला, कारण कोठीतल्या मालाला पाणी घालण्याची तरतूद नव्हती. तेव्हा काकांनी सामानाला बांधतात तसली चिठ्ठी तिच्या काठाला बांधली आणि वर लिहिलं, 'यात्री का सामान'. त्या दिवसापासून ते झाड त्यांच्या जिम्म्यात आलं.

जात अळूची, पण खायच्या अळूसारखं ते दिसत नसे. पानं ढालीएवढी आणि काळी. हिरवं म्हणून जे काही होतं ते काळ्याच्या आत कुठेतरी दडलेलं. वर पांढऱ्या शिरा, पान उलटलं की खाली वांग्याचा रंग. सकाळी पानाच्या टोकाला एक थेंब लोंबत असे. असलं झाड दमट रानात वाढणार. आमच्याकडे मे महिन्यात भाजून काढणाऱ्या वाऱ्याची लू सुटली की माणसं कांदा खिशात घालून बाहेर पडतात. तिथे ते जगलं, वाढलं, एकाची सात पानं झाली, ती काकांमुळे.

मुसाफिरखान्याच्या उत्तरेच्या खिडकीखाली पिण्याच्या पाण्याचे माठ ओळीने मांडलेले असत. काकांनी कुंडी त्या माठांच्या मधोमध ठेवली. माठ पाझरणार, हवा गार आणि ओली राहणार, आणि ऊन तिकडे फिरकणार नाही. पाणीही माठाखालच्या परातीत साठलेलंच घालायचे, नळाचं कधी नाही. मातीत त्यांनी बेतवेची वाळू आणि इंजिनातून निघालेला जळका कोळसा मिसळला होता. हा कोळसा बाबा शेडमधून चाळून आणून देत. "कामगारांनी भांडवलशाहीच्या पोटातून काढलेली राख," बाबा म्हणत. "पाणी तुंबू देत नाही, एवढंच तिचं काम," काका म्हणत.

मलाही त्यांनी शिकवलं.

"बोट घाल. दुसऱ्या पेरापर्यंत. काय लागलं?"

"माती."

"ओली का कोरडी?"

"मधलीच."

"मग पाणी नाही. परवा ये."

"काका, पण बिचारं उन्हाळ्यात—"

"बिचारं म्हणायचं नाही. माणसं झाडाला तहानेने मारत नाहीत गं, दयेने मारतात."

दर सोमवारी ते पानं पुसत. एक हात पानाखाली, दुसऱ्या हातात ओलं फडकं, देठाकडून टोकाकडे. धोतर नेसलेल्या एका व्यापाऱ्याने एकदा सल्ला दिला की मोहरीचं तेल लावा, चकाकी येईल. काकांनी त्याला विचारलं, "आप नाक में तेल डालकर साँस लेते हैं?" मऊरानीपूरच्या एका ठाकुरांनी उरलेला चहा ओतला आणि वर म्हणाले की मीठी है, पेड़ खुश होगा. "चींटियाँ खुश होंगी," काका म्हणाले. "पेड़ मेरा नहीं है, ठाकुर साहब. मेरा होता तो आपको दे देता, कि लीजिए, घर ले जाकर मारिए."

हे सगळं बघून काकू भिंतीपलीकडून आईला ऐकवत. "बत्तीस वर्षं झाली. मला ताप आला तर कपाळावर पट्टी मीच ठेवते, बदलतेही मीच. आणि तिथे जाऊन बघा, पानाला खालून हात देऊन पुसतात."

काका वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणत, "तुला खालून आधार लागत नाही."

काकूंचं खरं दुःख वेगळं होतं. त्या कोकणातल्या, आणि झाशीत त्यांना काळ्या देठाचं अळू बत्तीस वर्षांत मिळालं नव्हतं. बड़ा बाज़ारात अरबीची पानं मिळत. ती त्या "फिकी, बिनरक्ताची" म्हणत. आणि इकडे नवरा तब्बल सात काळी पानं माठांच्या मधोमध ठेवून त्यांची शुश्रूषा करतो आहे. कोकणातल्या बाईने हे किती दिवस सोसायचं?

त्या वर्षी गणपतीत मराठी मंडळींच्या नैवेद्याला अळूवडीचं काम काकूंकडे आलं. दुपारचा डबा घेऊन त्या स्टेशनवर गेल्या. खिडकीशी गर्दी होती. डबा आत सरकवला, मुसाफिरखान्यात गेल्या, तीन पानं विळीने घेतल्यासारखी देठापासून घेतली आणि बाबांच्याच एका पत्रकात गुंडाळून घरी आणली. हे अळू खाजणार नाही ना, ही शंका त्यांना आली होती, असं त्यांनी पुढे कबूल केलं. पण त्यांचा चिंचेवर विश्वास होता. "चिंच भरपूर घातली की कुठलंही अळू मुकाट्याने ऐकतं," असं त्यांच्या आईचं मत होतं.

या अळूला कोकणी चिंचेची ओळख नव्हती. पंगतीत वड्या फार छान झाल्या म्हणून दोनदा फिरल्या. काकांनी दोन खाल्ल्या आणि "बऱ्या झाल्यात" म्हणाले, जे त्यांच्या तोंडून अभिनंदनपत्रासारखं होतं. पाच मिनिटांनी पंगतीतलं बोलणं थांबलं. मग खाकरणं सुरू झालं. मग कुणीतरी दह्याचं पातेलं थेट तोंडाला लावलं. संध्याकाळी कार्यक्रम होता. त्यात माझं आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण होतं, विषय 'मौन हे पाप आहे'. मी व्यासपीठावर गेले, माईकपुढे उभी राहिले, घशावर हात ठेवला आणि खाली उतरले. लोकांनी सहानुभूतीने टाळ्या वाजवल्या. त्यांनाही बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी तीन देठांची थोटकं पाहिली. घरी येऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि काकूंनी एकच उत्तर दिलं. भांडण झालं नाही. मी भिंतीला कान लावून होते, तरी त्यापुढे काही ऐकू आलं नाही. काका सरळ स्टेशनवर परत गेले, तक्रारवही मागून घेतली आणि आपल्या सुवाच्य अक्षरात हिंदीत लिहिलं की यात्री के सामान में से तीन पत्ते मेरी पत्नी ने काटे, उनसे बने पकवान के दो टुकड़े मैंने स्वयं खाए, अतः मैं भी बराबर का दोषी हूँ. खाली सही.

त्या एका सहीने पुढचं रामायण ओढवून आणलं. तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांनी तक्रारवही वाचली, खूप हसले आणि सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यावर जाऊन मेमसाहेबांना सांगितलं. मेमसाहेब लखनौकडच्या, झाडांच्या हौशी. दोन दिवसांनी त्या स्वतः मुसाफिरखान्यात आल्या.

"अरे वाह. बिल्कुल मख़मल. मुल्ये जी, यह तो बँगले में होना चाहिए."

"यात्री का सामान है, मेमसाहब."

"यात्री कहाँ है?"

"रास्ते में."

"कितने साल से?"

"छह."

मेमसाहेब हसल्या, पण हसणं चांगलं नव्हतं. आठवड्याभरात साहेबांच्या कचेरीतून कागद आला: लावारिस वस्तू मुसाफिरखान्यात ठेवणं नियमाविरुद्ध आहे, सुरक्षिततेसाठी ती बंगल्यावर पोचवावी. काकांनी उत्तर पाठवलं: कोणत्या नियमाविरुद्ध, कृपया कलम कळवावं. कलमाचा शोध घेत कागद दिवाळीभर फिरला. मग दुसरा कागद आला, आणि त्यात कलम नव्हतं. हुकूम मोडल्याबद्दल आरोपपत्र का ठेवू नये, एवढंच विचारलं होतं. काका जानेवारीअखेर निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या कागदांवर शेवटची सही याच साहेबांची व्हायची होती.

त्या दिवशी मात्र भिंतीपलीकडून सगळं ऐकू आलं.

"चौतीस वर्षं एक डाग नाही," काकू म्हणत होत्या, "आणि आता अळूपायी डाग लावून घेता? द्या नेऊन. बाईच्या घरी काय ते उपाशी मरणार आहे?"

"माझं असतं तर दिलं असतं."

"तो माणूस येणार नाहीये हो."

"हा अंदाज आहे."

माझं रक्त उसळलं. मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं: जनतेच्या मुसाफिरखान्यातलं जनतेचं झाड बंगल्यात पळवणाऱ्या साहेबशाहीचा निषेध असो. बाबांना पसंत पडलं. काकांनी लाल पेन्सिल काढली आणि 'जनतेचं' या शब्दावर रेघ मारली.

"हे खोटं आहे. ते एका माणसाचं आहे. त्याचं नाव मला माहीत नाही, एवढंच."

"काका, पण लढायचं तर—"

"लढ की. खरं लिहून लढ."

खरं लिहिल्यावर पत्रक दीड ओळीचं झालं. ते आम्ही छापलं नाही.

मग थंडी पडली. झाशीची थंडी कोरडी आणि कडक. काळ्या अळूने दरवर्षीप्रमाणे पाय आखडले. एकेक पान पिवळं पडून लोळलं, आणि पौष लागेपर्यंत कुंडीत नुसती माती राहिली. खाली गड्डा शाबूत असतो, उन्हाळ्याची चाहूल लागली की वर येतो, हे काकांना ठाऊक होतं. पंधरा दिवसांतून एकदा ते चमचाभर पाणी घालत आणि बाकीच्यांना हात लावू देत नसत.

अशा वेळी जीप आली. निवृत्तीला आठ दिवस राहिले होते. मेमसाहेब, त्यांच्या हातात त्या हुकमाची नक्कल, एक माळी, एक चपराशी, आणि कुंडी गुंडाळायला घोंगडी. मी तिथेच होते, बाबांचा डबा पोचवून आले होते. मेमसाहेबांनी माठांमधली ती रिकामी माती पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला.

"मर गया?"

मी काकांच्या मागे उभी होते. मी हळूच म्हटलं, "हो म्हणा. काका, नुसतं हो म्हणा." एका शब्दात सगळं मिटत होतं: झाड वाचत होतं, सही मिळत होती, काकूंचा जीव भांड्यात पडत होता. मी, जिने खोट्या जगाविरुद्ध इतकी पत्रकं लिहिली होती, एका प्रामाणिक माणसाला खोटं बोलायला सांगत होते, आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"जी नहीं," काका म्हणाले. "सो रहा है."

"सो रहा है?"

"जाड़े में सोता है. होली तक उठ जाएगा. ले जाइएगा तो पानी मत दीजिएगा, सड़ जाएगा."

मेमसाहेबांनी मातीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, माळ्याकडे पाहिलं. माळी हसू दाबत होता.

"मुल्ये जी, आपने पेड़ मार दिया और अब मिट्टी को लोरी सुना रहे हैं. इतना ही कह देते कि मर गया."

"मरा नहीं है."

"रखिए अपनी मिट्टी," त्या म्हणाल्या, आणि घोंगडी तशीच जीपमध्ये परत गेली. त्यांनी घरी जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण आरोपपत्र आलं नाही. साहेबांनी निवृत्तीच्या कागदावर सही केली. स्टेशनच्या बाबूंमध्ये असं ठरलं की म्हातारा चळला आहे, जाऊ द्या.

आम्ही आनंदात होतो. काकूंनी शिरा केला. एकटे काका बेचैन होते.

"मी खरं बोललो आणि तिने ते खोटं धरलं. म्हणजे ती फसलीच की नाही?"

"स्वतःच्या अकलेने फसली," काकू म्हणाल्या. "शिरा खा."

निवृत्तीनंतर नवीनच अडचण उभी राहिली. मुसाफिरखाना मुसाफिरांसाठी असतो, आणि काका आता ना नोकर ना मुसाफिर. त्यांना कुणी अडवलं नसतं. हमाल तर त्यांना पाहून उठून उभे राहत. पण काका दर सोमवारी जवळच्या बबीना स्टेशनचं तिकीट काढून आत जात. कुंडीत बोट घालत, माठांखालची परात बघत. मग गाडी आली की खरोखरच बबीन्याला जात, तिथे उतरत आणि पुढच्या गाडीने परत येत. मी विचारलं, तिकीट काढलंत तेवढं पुरे नाही का. ते म्हणाले, "तिकीट काढून न जाणं म्हणजे बसायला जागा मिळावी म्हणून खोटं सांगणं."

होळीच्या दोन दिवस आधी मातीतून बोटभर काळं टोक वर आलं, गुंडाळलेल्या छत्रीसारखं. काकांनी ते पाहिलं. त्या सोमवारी ते बबीन्याला जाऊन आले, कारण तिकीट काढलेलं होतं, आणि घरी सांगून सिव्हिल लाइन्सला निघाले. काकू वाटेत आडव्या झाल्या, बाबा समजावून थकले. मी सोबत गेले, कारण म्हाताऱ्याला कुणी हाकललं तर साक्षीदार हवा.

बंगल्याच्या व्हरांड्यात मेमसाहेब होत्या. काका पायरीखालीच थांबले.

"मेमसाहब, वह उठ गया."

"कौन?"

"पेड़. आपको लगा था मैंने झूठ कहा. आकर देख लीजिए. ले जाने का काग़ज़ अब भी आपके पास है."

मेमसाहेब पायरीपर्यंत पुढे आल्या. मग म्हणाल्या, "आप न बताते तो मुझे पता भी न चलता."

"इसीलिए बताना पड़ा."

व्हरांड्यात पंधरा-वीस कुंड्या होत्या. निम्म्यांमधल्या झाडांची पानं कडेला करपलेली. मेमसाहेबांनी काकांची नजर तिकडे गेलेली पाहिली.

"यहाँ रखूँगी तो चलेगा?"

मी मनात म्हटलं, आता तरी चतुराई करा. काकांनी व्हरांड्यावर नजर फिरवली, सूर्य कुठे आहे ते पाहिलं आणि म्हणाले, "पच्छिम की धूप आती है. मई में आठ दिन चलेगा. और आप पानी बहुत देती हैं."

त्या हसल्या, आणि या वेळचं हसणं चांगलं होतं. त्यांनी आत जाऊन तो कागद आणला आणि काकांच्या हातात दिला. काकांनी तो फाडला नाही. रद्द झाल्याचं त्यांच्याकडून लिहून घेतलं. पुढच्या सोमवारी मेमसाहेब मुसाफिरखान्यात आल्या, तिसऱ्या वर्गाच्या बाकावर गाठोड्यांच्या मधे अर्धा तास बसल्या आणि पान उलगडताना पाहिलं. जाताना त्यांनी विचारलं की याचं पिल्लू मिळेल का.

यावर काकांनी महिनाभर विचार केला. गड्ड्याला खाली लहान अळकुड्या फुटतात, त्या कुणाच्या? काकू म्हणाल्या, म्हशीचं रेडकू म्हशीच्या मालकाचं. बाबा म्हणाले, वाढवणाऱ्याच्या श्रमाचं. काकांनी निकाल दिला की त्या अळकुड्या कुणाच्याच नाहीत, म्हणून मागेल त्याला द्याव्यात. पहिली मेमसाहेबांना दिली, उत्तरेच्या खिडकीत ठेवण्याच्या अटीवर. दुसरी मला.

पुढच्याच वर्षी काका-काकू मुलाकडे राजापूरला गेले; कुंडी माठांच्या मधेच राहिली, तिचे सोमवार माझ्याकडे आले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जायच्या आदल्या सोमवारी. मी फलाटावर पत्रकं वाटत होते, बबीन्याची पॅसेंजर सुटत होती. दुपारची वेळ, डबा जवळजवळ रिकामा. काका खिडकीपाशी ताठ बसले होते, मांडीवर ओलं फडकं घडी करून ठेवलेलं, बोटाला दुसऱ्या पेरापर्यंत माती. बबीन्यात त्यांना काही काम नव्हतं, ओळखीचं कुणी नव्हतं. मी धावत जाऊन एक पत्रक खिडकीतून आत दिलं. गाडी वळेपर्यंत ते वाचत होते. लाल पेन्सिल त्यांनी काढली नाही.

माझ्याकडच्या एका अळकुडीच्या आता अकरा झाल्या आहेत. झाशीला याल तेव्हा लक्ष्मी गेटपाशी फिटरांचं घर कुणालाही विचारा आणि एक घेऊन जा. पण घरी नेऊ नका. तुमच्या गावच्या दवाखान्यात, शाळेच्या व्हरांड्यात, तहसील कचेरीच्या बाकाशेजारी, जिथे माणसांना उगाच ताटकळत बसवतात तिथे उत्तरेची खिडकी शोधा, तिथे ही कुंडी ठेवा, आणि दर सोमवारी जात जा.